करार करायचा कुणाशी?

१९९८ साली आयबीएमपुढे एक अजब पेच पडला. आपल्या वेबस्फिअरबरोबर त्यांना अपाची वेबसर्व्हर द्यायचा होता. सॉफ्टवेअर उत्तम, फुकट, लायसन्सचीही आडकाठी नाही. पण बोलणी करायची कुणाशी? पलीकडे कंपनी नाही, ऑफिस नाही, लेटरहेडसुद्धा नाही. नुसती एकमेकांना ईमेल करणारी माणसं!

ही माणसं जमली कशी? इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूलने एक वेबसर्व्हर लिहिला होता. १९९४ च्या मध्याला तो तिथून बाहेर पडला आणि सर्व्हरला वाली उरला नाही. ज्यांच्या साइट्स त्यावर चालायच्या, ते आपापले पॅच लावून दिवस ढकलत होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेलनडॉर्फ, रॉय फील्डिंग वगैरे आठ जणांनी हे पॅच एकत्र करायला घेतले. हा अपाची ग्रुप. १९९६ पर्यंत त्यांचा सर्व्हर जगात सगळ्यात जास्त वापरला जाऊ लागला होता!

निर्णय ईमेलवर मतं मागवून. +१ म्हणजे हो, -१ म्हणजे नाही. कोडमधल्या बदलाला -१ द्यायचा तर तांत्रिक कारण हवं, नाहीतर तो धरायचाच नाही, असा तिथला रिवाज आजही आहे. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम लावला तर सगळे अर्ध्या तासात घरी.)

कोडसाठी एवढं पुरतं. पण पैसा आणि कायदा आला की नाही पुरत. देणगीचा चेक कुणाच्या नावाने लिहायचा? उद्या कुणी दावा ठोकला तर तो थेट त्या माणसांवरच! म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था रजिस्टर झाली.

खरी हुशारी तिच्या नियमांत आहे. सभासद फक्त व्यक्ती. म्हणजे आयबीएमचा इंजिनियर सभासद होऊ शकतो, आयबीएम नाही. सभासद दरवर्षी नऊ संचालक निवडतात. कंपन्या पैसे देतात, पण त्या बदल्यात बोर्डावर खुर्ची नाही. (लिनक्स फाउंडेशनचं गणित वेगळं, तिथे बड्या सभासद कंपन्यांना बोर्डावर जागा असते.) जमलेला पैसा सर्व्हर, वकील, ट्रेडमार्क यांवर जातो. कोड लिहिण्याचे पैसे मात्र फाउंडेशन कुणालाही देत नाही.

मला हे पटतं, पण अर्धंच. 'स्वयंसेवक' म्हणवणाऱ्या कितीतरी जणांचा पगार कुठली ना कुठली कंपनी देतच असते. ज्या कोडमध्ये कुठल्याच मालकाला रस नाही, त्याचं काय?

ओपनएसएसएल बघा. निम्म्याहून जास्त वेबचं एनक्रिप्शन ज्याच्या जिवावर, त्याला वर्षाकाठी देणग्या मिळायच्या सुमारे २००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एक! एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड सापडला आणि सगळे खडबडून जागे झाले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांना गोळा करून कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह नावाचा निधी उभारला. त्यातून ओपनएसएसएलच्या दोन डेव्हलपरांच्या पूर्णवेळ पगाराची सोय झाली.