नांव सोन्याचें, फळ तांबडें

‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण आपण ज्या थट्टेनें वापरतों, त्याच थट्टेनें ती इटलींतील टोमॅटोलाही लावतां येईल. इटालियन लोक या फळाला ‘पोमोदोरो’ म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ ‘सोन्याचें फळ’. पण तेथील बाजारांत जाऊन पाहावें, तों टोपल्याच्या टोपल्या तांबड्यालाल फळांनीं भरलेल्या! नांव एक आणि रूप दुसरें, ही विसंगति कशी उत्पन्न झाली, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला असल्या क्षुल्लक गोष्टींत रमण्याची खोड जडलेली असते. शिवाय या प्रश्नाशीं माझ्या परसांतील एका वाफ्याचा आणि माझ्या घरांतील एका कागदी पुडीचा संबंध आहे. तो ओघानें पुढें येईलच.

टोमॅटोचें मूळ घर अमेरिका खंड. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील पेरू, एक्वादोर या देशांत आढळतात. परंतु युरोपीय लोकांच्या दृष्टीस तो पडला तेव्हां मेक्सिकोंत त्याची लागवड चांगली रुळलेली होती. तेथील नाव्हात्ल भाषेंतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून स्पॅनिश ‘तोमाते’ झाला आणि त्याचेंच रूपांतर होऊन आपला ‘टोमॅटो’ आला. सोळाव्या शतकांत बर्नार्दिनो द सहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकानें तेथील जाणत्या लोकांच्या साह्यानें मेक्सिकोच्या जुन्या जीवनाचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यांत बाजारांत टोमॅटो विकावयास बसणाऱ्याचेंही वर्णन आहे. त्याच्या राशींत पिवळ्या रंगाच्या कित्येक छटा आणि तांबड्याच्याही कित्येक छटा निरनिराळ्या सांगितल्या आहेत. तात्पर्य, हें फळ आपल्या मायदेशींच दोन्ही रंगांचें होतें. पिवळा टोमॅटो ही अलीकडच्या बियाणेंवाल्यांनीं काढलेली नवलाई नव्हे.

आतां इटलीकडे वळूं. १५४४ सालीं पिएत्रो आंद्रेआ मॅत्तिओली या सिएना येथील वैद्यानें डायोस्कोरिडीझ या प्राचीन ग्रीक वैद्याच्या ग्रंथावर आपली टीका प्रसिद्ध केली. तींत वांग्याविषयीं लिहितां लिहितां तो सांगतो कीं, आमच्या काळांत वांग्याची आणखी एक जात या देशांत आली आहे. ती चपटी असून तिच्या अंगावर फांकी पाडल्यासारख्या रेघा असतात. ती आधीं हिरवी असते, पिकली म्हणजे सोन्याच्या रंगाची होते आणि लोक ती वांग्याप्रमाणेंच खातात. टोमॅटोला वांग्याच्या कुळांत बसविणाऱ्या या वैद्याची नजर चांगली होती. आजचें वनस्पतिशास्त्रही तेंच सांगतें. नव्या वस्तूला जुन्या ओळखीच्या वस्तूच्या पंक्तीस नेऊन बसविणें हा मनुष्यस्वभावच आहे. बंगाली लोकांनीं टोमॅटोला ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगें, म्हटलें तें याच न्यायानें.

पुढें चार वर्षांनीं, १५४८ च्या ३१ ऑक्टोबर रोजीं, ड्यूक कोसिमो द मेदिची याच्या कारभाऱ्यानें पिसाहून पत्र लिहून कळविलें कीं, फ्लॉरेन्सजवळच्या ड्यूकच्या मळ्यांतून पाठविलेली टोमॅटोची टोपली सुखरूप पोंचली. राजवाड्यांत ज्याची पोंच लिहावी लागे असें हें अपूर्वाईचें फळ! आणि १५५४ सालच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत मॅत्तिओलीनें त्याचें नांव छापलें: ‘पोमि दोरो’. मात्र याच वेळीं त्यानें तांबड्या फळांचाही उल्लेख केला आहे.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ग्रीक पुराणांत पश्चिमेच्या टोंकास असलेल्या एका बागेंतील सोन्याच्या सफरचंदांची कथा आहे, आणि युरोपांतील लोक नव्या व दुर्मिळ फळांना तें कथेंतील नांव देण्यास नेहमींच उत्सुक असत. तेव्हां ‘सोन्याचें फळ’ या नांवावरून तें फळ पिवळें होतें असें सिद्ध होत नाहीं, असें कोणी म्हटल्यास तें बरोबर आहे. नांव हा एकटा साक्षीदार असला म्हणजे त्याच्यावर फार भिस्त ठेवूं नये, हें मी विद्यार्थ्यांस अनेक वर्षें सांगत आलों. पण येथें नांव एकटें नाहीं. नांव छापलें जाण्याच्या दहा वर्षें आधीं त्याच ग्रंथकारानें फळाचा रंग लिहून ठेवला आहे. साक्षी दोन आहेत आणि त्यांचा मेळ बसतो. इटलीच्या दृष्टीस प्रथम भरलें तें फळ पिवळें होतें, असें मानावयास मला तरी अडचण वाटत नाहीं.

मग तें सोनें गेलें कोठें? तें एकाएकीं गेलें नाहीं. दीडशें वर्षें हें फळ बहुतेक ठिकाणीं पाहण्याचें आणि संशय घेण्याचेंच राहिलें. इंग्लंडांत जॉन जेरार्ड यानें १५९७ सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथांत त्याच्या उग्र वासाला नाक मुरडलें आहे. नेपल्स येथें १६९२ ते १६९४ या काळांत प्रसिद्ध झालेल्या आंतोनिओ लातिनीच्या पाकग्रंथांत टोमॅटो निखाऱ्यावर भाजून, सोलून, कांदा व मिरची घालून केलेल्या चटणीची कृति आढळते. तिला तो ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणतो. आपल्या वांग्याच्या भरताशीं या कृतीचें नातें सांगावयास सुगरणीची गरज नाहीं. एकोणिसाव्या शतकांत फळें डब्यांत भरून टिकविण्याचे कारखाने निघाले, आणि तेथें रंगाचा निकाल लागला. कारखान्याला हजारों फळें एका आकाराचीं व एका रंगाचीं हवीं असतात. तांबड्या रसांत चार पिवळीं फळें पडलीं तरी माल फिका दिसावयाचा. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन यानें १८७० सालीं ‘पॅरागॉन’ ही गुळगुळीत, एकसारखी, तांबडी जात बाजारांत आणली व टोमॅटोच्या व्यापाराला निराळें वळण लागलें. आपल्याकडेही नारायणगांवास किंवा पिंपळगांव बसवंतला हंगामांत टोमॅटोच्या गाड्यांमागून गाड्या येतात. त्यांत पिवळें फळ औषधालाही मिळावयाचें नाहीं.

गंमत अशी कीं, त्याच लिव्हिंग्स्टननें १८८२ सालीं ‘गोल्डन क्वीन’ नांवाची पिवळी जातही विक्रीस काढली. पिवळें फळ बाजारांतून हटलें तें अशा रीतीनें घरगुती बागांत टिकून राहिलें: कारखान्यानें नाकारलेलें, पण कोणाच्या तरी बायकोला, आईला किंवा आजीला आवडलेलें, म्हणून दरवर्षीं बीं धरून जतन केलेलें.

या ‘गोल्डन क्वीन’चें थोडें बीं पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें आम्हांला आणून दिलें आणि आमच्या पुण्याच्या परसांत तिची लागवड सुरू झाली. ती कांहीं अवघड नाहीं. जूनच्या अखेरीस गादीवाफ्यावर बीं पेरावें. चारएक आठवड्यांनीं रोप वीतभर झालें कीं चांगलें कुजलेलें शेणखत घातलेल्या वाफ्यांत दोन दोन हातांवर लावावें. ही जात उंच वाढते, म्हणून तिला काठीचा आधार हवा व बगलेंतील फूट वेळच्या वेळीं खुडावयास हवी. पाणी एकसारखें द्यावें. चार दिवस झाड सुकवून पांचव्या दिवशीं वाफा तुडुंब भरला तर फळें तडकतात. पिवळें फळ पिकलें कधीं हें ओळखण्यास मात्र डोळ्यांपेक्षां बोट बरें: देंठाजवळची हिरवी झांक गेली आणि फळ दाबतां किंचित् नरम लागलें, कीं तोडावें. पिवळा टोमॅटो आंबट नसतो अशी एक समजूत आहे, पण केवळ रंगावरून आंबटपणा ठरत नाहीं.

बीं धरण्याची विद्या आमच्या घरांत माझ्या पत्नीकडे होती. ती पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह वाटींत काढी, दोनतीन दिवस आंबूं देई, बियांवरचें बुळबुळीत आवरण सुटलें कीं त्या धुऊन ताटलींत पसरून सावलींत वाळवी, आणि कागदाच्या पुडींत बांधून वर साल लिही. असें अनेक वर्षें चाललें. तिच्या शेवटच्या दुखण्याच्या वर्षीं वाफ्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. पानें आंखडण्याच्या रोगानें रोपें गेलीं. एकच झाड उरलें, आणि त्याला फळें लागलीं तीं तांबडीं! मी तें उपटणार होतों. तिनें तें ठेवावयास सांगितलें, त्याचें एक फळ अंथरुणाजवळ मागवून घेतलें आणि नेहमींच्या रीतीनें बीं धरविलें. पुडीवर तिनें सालाखालीं तीन शब्द लिहिले: ‘पिवळ्याचेंच आहे हें.’ मला तें आजारी माणसाचें समाधान वाटलें. मी कांहीं बोललों नाहीं. त्याच हिवाळ्यांत ती गेली.

दोन पावसाळे ती पुडी फडताळांत पडून होती. तिसऱ्या वर्षीं मीं ती सोडली, तीसुद्धां टाकून देववेना म्हणून. अठरा रोपें जगलीं. दसऱ्याच्या सुमारास फळें रंगावर आलीं. चौदा झाडांचीं फळें तांबडीं झालीं आणि चार झाडांचीं पिवळीं.

यांत चमत्कार नाहीं. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, पण क्वचित् एखादी माशी शेजारच्या कुंपणापलीकडचा पराग आणते. पिवळ्याचा व तांबड्याचा संकर झाला तर पहिल्या पिढींत सर्व फळें तांबडीं होतात, आणि तिच्या बियांपासून झालेल्या दुसऱ्या पिढींत सुमारें चौथा हिस्सा पुन्हां पिवळा निघतो. मेंडेलच्या नियमाची ही साक्ष १९०८ सालीं व्हर्जिनिया येथील संशोधकांनीं टोमॅटोवर पडताळून प्रसिद्ध केली होती. त्यामागचें कारण १९९३ सालीं अधिक स्पष्ट झालें. फळांत तांबडें द्रव्य तयार होण्याच्या मार्गावर अगदीं आरंभीं काम करणारें एक जनुक पिवळ्या जातींत बिघडलेलें असतें. म्हणून तांबडें द्रव्य बनतच नाहीं. दोन जनुकांपैकीं एक जरी धड असलें तरी फळ तांबडें होतें, आणि दुसरें त्याच्या आड मुकाट्यानें पुढच्या पिढीकडे जातें. तें नाहींसें होत नाहीं. दिसत नाहीं इतकेंच.

हें सर्व मला पुस्तकांतून ठाऊक होतें. तरीही पुडीवरील अक्षर आणि झाडावरील फळ यांचा मेळ बसेना तेव्हां मीं फळावर विश्वास ठेवला, अक्षरावर नाहीं. तिला मेंडेल ठाऊक नव्हता. पण तें बीं कोणाच्या पोटचें आहे हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि जें पाहिलें तें लिहून ठेवलें. मॅत्तिओलीनें तरी दुसरें काय केलें? इटलींतील फळ पुढें तांबडें झालें, पण त्याच्या पहिल्या रंगाची नोंद नांवांत राहिली. दिसतें त्याच्याशीं नांव जुळत नाहीं म्हणून तें खोटें, असें म्हणण्याची घाई करूं नये, एवढेंच या फळाच्या इतिहासावरून मला सांगावयाचें आहे. कोणी तरी, केव्हां तरी, कांहीं तरी पाहिलें असल्यावांचून असें नांव पडत नाहीं.

ज्या वाचकांच्या परसांत चार हात जागा असेल त्यांनीं एक वाफा पिवळ्या टोमॅटोचा अवश्य करावा, आणि बीं धरल्यावर पुडीवर नांव व साल घालण्यास विसरूं नये. मीं त्या चार झाडांचें बीं धरलें आहे. पुडी बांधून झाल्यावर वर साल घातलें, आणि त्याखालीं जुन्या पुडीवरचे तेच तीन शब्द उतरून घेतले.