दोष हाताचा कीं हत्याराचा?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण ह्या टापूंतील मोटारींच्या कारखान्यांत एक जपानी शब्द आतां मराठी तोंडांत चांगला रुळला आहे. तो म्हणजे ‘पोका-योके’. सुटा भाग उलटा बसूंच नये अशीच त्याची घडण करावयाची, हा त्याचा आशय. शिगेओ शिंगो ह्या अभियंत्यानें ही युक्ति १९६० नंतर रूढ केली. आरंभीं तिचें नांव ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खापासून बचाव, असें होतें. १९६३ च्या सुमारास तें ऐकून एका कामगार स्त्रीला रडूं कोसळलें, तेव्हां शिंगोंनीं ‘बाका’ काढून ‘पोका’ घातलें. पोका म्हणजे नजरचूक.

औषधोपचाराच्या क्षेत्रांत हा बदल व्हावयास फार काळ लागला. त्याची एक करुण कथा मुंबईच्या परळाशीं निगडित आहे. डॉ. वाल्डेमार हाफकीन ह्यांनीं १८९७ च्या जानेवारींत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. तेथील लस घेऊन ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल ह्या, आतां पाकिस्तानांत असलेल्या, गांवीं पांच बाटल्यांतून १०७ लोकांस टोचण्यांत आली. पैकीं एकाच बाटलीची लस ज्यांच्या वांट्यास आली ते १९ जण धनुर्वातानें मेले. सरकारी चौकशी मंडळानें दोष परळच्या माथीं मारला व हाफकीन ह्यांना पदावरून दूर करण्यांत आलें. वस्तुतः बाटली उघडतांना गांवींच मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता खळबळून त्यानेंच बूच काढलें गेलें. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हा अन्याय वेशीवर टांगल्यानंतर १९०७ सालीं हाफकीन दोषमुक्त झाले. १९२५ सालीं संस्थेस त्यांचें नांवही मिळालें.

ही कथा सांगणारे बहुधा येथें थांबतात. आम्हांस मात्र त्या मदतनिसाची आठवण होते. परळाहून निघालेला दोष थेट त्याच्या हातावर येऊन बसला, आणि तेथेंच राहिला. धुळींत उभें राहून, पुढें लोकांची रांग लागलेली असतां, चिमट्यानें बूच ओढावयाचें असली ती बाटली! तशाच जागीं, तशाच माणसाकडून, ती आधीं एकदां उघडवून पाहिली असती तर?

हाच प्रश्न चौऱ्यायशीं वर्षांनीं पुन्हां उभा राहिला. कॅनडांतील सरकारी कंपनीच्या ‘थेरॅक-२५’ ह्या किरणोपचाराच्या यंत्रावर सॉफ्टवेअरचा ताबा होता. जुन्या यंत्रांतील यांत्रिक अटकाव त्यांतून काढून टाकले होते. मार्च १९८६ मध्यें टेक्ससमधील टायलर येथें यंत्र चालविणाऱ्या कुशल बाईंनीं चुकून एक अक्षर दाबलें व आठ सेकंदांच्या आंत दुरुस्त केलें. दुरुस्ती पडद्यावर दिसली; यंत्राच्या पोटांत ती पोंचलीच नाहीं. ‘मालफंक्शन ५४’ एवढेंच उमटलें. असल्या अडथळ्यांची संवयच झालेली. बाईंनीं पुढें चालण्याची कळ दाबली. रुग्णाच्या अंगांत ठरलेल्या मात्रेच्या सुमारें शंभरपट किरण शिरले, व कांहीं महिन्यांनीं तो मेला. एप्रिलांत तेथेंच दुसरा रुग्ण असाच सांपडला. तेव्हां रुग्णालयाच्या पदार्थवैज्ञानिकानें बाईंसमवेत पडद्यापुढें बसून तोच क्रम, त्याच वेगानें, पुन्हां पुन्हां करून पाहिला, आणि चूक हातीं लागली. बाई सावकाश टंकित असत्या तर ती घडलीच नसती. जो हात कामांत मुरलेला, त्यालाच हा सांपळा होता.

आज हीच परीक्षा यंत्र विकण्यापूर्वीं घेतात. परिचारिकेपुढें नेहमींचें काम ठेवावयाचें, आणि मध्येंच न टोकतां तिचें बोट कोठें अडखळतें, ती कोणता निरोप न वाचतां पुढें जाते, हें पाहात बसावयाचें. अडखळली तर पडदा बदलावयाचा. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेचें ‘आयईसी ६२३६६’ हें आंतरराष्ट्रीय मानक २००७ सालीं, हाफकीन ह्यांच्या दोषमुक्तीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, निघालें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही कायद्यानें वैद्यकीय उपकरणांत गणलें जातें.