पिंपरीच्या मातीला विचारलेला प्रश्न

आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, असे आपण वर्गात शिकवतो. संशोधनाला लागणारे पदव्युत्तर विद्यार्थीही हेच पाठ करून येतात. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर व्हिएन्नातील विद्यार्थ्यांना सांगत, "निरीक्षण करा आणि लिहा." साहजिकच मुले विचारत, "कशाचे?" या प्रश्नाचे मोल आपल्या पिंपरीत दिसते.

१९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील प्रयोगशाळेत बुरशीतज्ज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीव तपासत. त्यांतल्या एकापासून बुरशीनाशक हॅमायसिन मिळाले. १९६१ साली ते प्रसिद्ध झाले. त्या सूक्ष्मजीवाला गावावरून नाव मिळाले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या पदार्थाला चिकटते. पटल गळके होऊन बुरशी मरते. बहुतेक जीवाणूंच्या पटलात असा पदार्थच नसतो. म्हणजे बशीत नुसते जीवाणू वाढवून चाचणी घेतली असती, तर हॅमायसिन समोर असूनही दिसले नसते. माती तीच, सूक्ष्मजीव तोच. फरक फक्त प्रश्नाचा. बुरशी वाढवलेली बशी ठेवणे, हाच तो प्रश्न होता.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत "परिणाम नाही" एवढेच आढळले, तर आपण विचारावे: कशावर नाही? नकारही त्या प्रश्नापुरताच खरा असतो. प्रश्न न लिहिता टाकून दिलेल्या बशीत काय होते, हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही.