एका मालिकेचे अर्जदार

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात एखादी मालिका चालू ठेवावी की बंद करावी, याचा निवाडा करताना प्रेक्षकाची साक्ष काढण्याचा शिरस्ता अमेरिकेत नव्हता. निवडक घरांतून जमविलेल्या आकड्यांचे तक्ते अधिकाऱ्यांपुढे येत, जाहिरातदारांचा कल अजमावला जाई, आणि पुढील हंगामाची यादी मुक्रर झाली की ज्या मालिकेचे नाव तीत नसे, तिच्या चाहत्याने मुकाट्याने दुसरीकडे वळावे अशी रीत होती. १९६७-६८ च्या हिवाळ्यात या रीतीला जबर धक्का बसला, आणि तो देणाऱ्यांपाशी कागद, टपालाची तिकिटे व अढळ निष्ठा यांवाचून दुसरे कसलेही बळ नव्हते. म्हणून तो वृत्तान्त सांगणे मला अगत्याचे वाटते.

ज्या 'स्टार ट्रेक' मालिकेसाठी हे घडले, तिचे जनक जीन रॉडनबेरी. महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालविलेले, पुढे प्रवासी विमानांवर वैमानिक आणि नंतर लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात चाकरी केलेले हे गृहस्थ. एन.बी.सी. वाहिनीने त्यांचा पहिला नमुनाभाग नामंजूर केला, परंतु दुसरा करून आणण्याची मुभा दिली, आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. शीतयुद्ध आणि व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात असता एका अंतराळयानावर कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी, जपानी वंशाचा सुकाणूधारी, दुसऱ्या वर्षापासून रशियन तरुण आणि अर्धा परग्रहवासी असा स्पॉक हे सारे एका कप्तानाच्या हाताखाली गुण्यागोविंदाने काम करताना दिसत; मानवजात आपसांतल्या कलहांतून तरून जाईल हे आश्वासनच, माझ्या मते, प्रेक्षकांच्या अंतःकरणाला भिडले. याचे सारे श्रेय एकट्या रॉडनबेरींच्या पदरात घालणे मात्र न्याय्य नव्हे. डोरोथी फाँटाना आणि जीन कून यांच्या लेखणीचा त्यात मोठा हिस्सा आहे.

मालिकेला पुरते वर्ष होते न होते तोच, सप्टेंबर १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या देव्हरा लँगसॅम आणि शर्ना कॉमरफोर्ड या दोघींनी 'स्पॉकानेलिया' हे केवळ या मालिकेला वाहिलेले हौशी नियतकालिक काढले. असे अंक त्या काळी सायक्लोस्टाईलवर निघत, आणि त्यामागचे कष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. टंकलेखनयंत्राची फीत बाजूला सारून मेणकागदावर अक्षरे ठोकायची, चूक झाली तर त्या जागी दुरुस्तीचा द्रव लावून तो वाळेपर्यंत थांबायचे, मग स्टेन्सिल शाईच्या रुळावर सुरकुती न पडू देता ताणून बसवायचा. ताव निघाले की गठ्ठे टेबलावर मांडून, त्यांभोवती फेऱ्या घालीत, एकेक पान उचलून प्रत जुळवायची आणि टाचायची. स्पॉकच्या ग्रहावरील लोकांची शरीररचना, त्यांचे आचार, त्यांची तर्कनिष्ठा यांविषयी या अंकांतून शास्त्रीय निबंधाच्या गांभीर्याने लिहिले जाई. पहिल्याच अंकात स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय यांचे पत्र होते. अशा अंकांच्या लेखिका आणि संपादिका बहुसंख्य स्त्रियाच होत्या, आणि विज्ञानकथा हा पुरुषांचा प्रांत आहे ही समजूत ज्यांनी प्रत्यक्ष कामाने खोटी पाडली, त्यांत त्यांची गणना अग्रक्रमाने केली पाहिजे.

दुसरे वर्ष चालू असताना मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बिजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी चाहत्यांच्या नावनिशीच्या याद्या मिळवून पत्रमोहीम उभारली. तिची आखणी एखाद्या मुरब्बी कारकुनाला शोभेल अशी होती: प्रत्येकाने आपल्या शब्दांत स्वतंत्र पत्र लिहावे, शेकडो सह्यांचा एकच अर्ज धाडू नये, कारण त्याची नोंद एकच होते, लखोट्यावर मालिकेचे नाव घालू नये, म्हणजे तो फोडून वाचणे भाग पडते, आणि दहा जणांना लिहावयास सांगून त्या प्रत्येकाने आणखी दहांना सांगावे. रॉडनबेरींनी आतून साह्य केले, पण श्रम चाहत्यांचे होते. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बरबँक येथील वाहिनीच्या कचेरीवर मोर्चा नेला. डिसेंबर ते मार्च या अवधीत सुमारे १,१६,००० पत्रे दाखल झाली, त्यांतली ५२,००० हून अधिक एकट्या फेब्रुवारीत. अखेर १ मार्च १९६८ रोजी त्या रात्रीचा भाग संपताच वाहिनीने मालिका पुढे चालू राहील असे जाहीर केले आणि आता पत्रे पाठवू नयेत अशी विनंती केली.

पुढचे वर्ष समाधानाचे गेले नाही. शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, खर्चाला कात्री लागली, रॉडनबेरींनी दैनंदिन कामातून अंग काढून घेतले, आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर मालिका बंद झाली. तरीही मोहीम निष्फळ ठरली असे म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या भागांमुळे स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकण्याजोगा संच तयार झाला, आणि संध्याकाळच्या त्या प्रक्षेपणांनी शाळकरी मुलांची नवी पिढी या मालिकेशी जोडली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात चाहत्यांनी मेळावा भरविला, तेव्हा संयोजकांनी काही शेकड्यांची अपेक्षा केली होती; आले तीन हजारांहून अधिक, आणि रॉडनबेरी व विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह त्यांच्यापुढे बोलले. पुढे चाहत्यांच्या पत्रांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचे दप्तरही गाठले, आणि अमेरिकेच्या पहिल्या चाचणी-अंतराळविमानाचे 'कॉन्स्टिट्यूशन' हे योजिलेले नाव बदलून मालिकेतील यानाचे 'एंटरप्राइज' ठेवण्यात आले. सप्टेंबर १९७६ मध्ये पामडेल येथे ते प्रथम बाहेर आणले तेव्हा रॉडनबेरी आणि मालिकेतील बरेचसे नट समारंभास हजर होते.

१९७९ मध्ये मालिकेवरून पहिला चित्रपट निघाला. आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी त्यातील इलियाच्या भूमिकेसाठी मुंडन करविले, ही गोष्ट येथील अनेकांना ठाऊक असेल. त्याच चित्रपटात कप्तान सर्व खलाशांना एकत्र बोलावून पुढील संकटाची माहिती देतो असा एक प्रसंग आहे, आणि त्यासाठी निर्मात्यांनी गणवेश चढवून जी माणसे उभी केली, त्यांत मालिकेचे अनेक चाहते होते. बिजो ट्रिंबल त्यांपैकी एक.