जलशीर्ष शंट
जलशीर्ष शंट ही मेंदूच्या पोकळ्यांत साचलेला जास्तीचा मस्तिष्कमेरुद्रव शरीराच्या अन्य भागात वाहून नेणारी, शस्त्रक्रियेने बसवलेली नलिका होय. प्रौढ व्यक्तीत हा द्रव दररोज सुमारे ५०० मिलि तयार होतो, पण एका वेळी असतो जेमतेम १५० मिलि; उरलेला सतत रक्तात शोषला जातो. जन्मजात दोष, रक्तस्राव किंवा क्षयजन्य मेंदूज्वर यांमुळे ही वाट अडली की दाब वाढतो. तान्ह्या बाळाची टाळू फुगते व डोके वेगाने मोठे होते.

नलिकेचे एक टोक मेंदूच्या पोकळीत व दुसरे बहुधा पोटाच्या पोकळीत असते. मधली झडप ठरावीक दाबाला, एकाच दिशेने उघडते. मुलाची उंची वाढणार म्हणून पोटात नळी मुद्दाम लांब सोडतात.

उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे बनणारा छाबरा शंट स्वस्त आहे. युगांडातील १९५ मुलांच्या अभ्यासात (२००५) त्याची तुलना कित्येक पट महाग अमेरिकी शंटशी केली असता वर्षभरानंतरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या (नंतरची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना) पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. त्यामुळे कंधारसारख्या तालुक्यांतील गरीब कुटुंबांना मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी शासकीय आधार मिळाला. मात्र शस्त्रक्रियेने काम संपत नाही. नळी तुंबू शकते वा तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. शंट असलेल्या मुलाला वारंवार उलट्या किंवा गुंगी आल्यास ते पित्त समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.