गिरणगावचे पार आणि त्यांची राखण

॥ राम कृष्ण हरी ॥

वारकऱ्याला झाडाची महती सांगायला नको. आळंदीला माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष, देहूला नांदुरकी, अरणला सावता महाराजांचा मळा. आपली क्षेत्रं झाडांसकट डोळ्यांपुढे उभी राहतात. वाटेतला विसावाही आपण सावली बघूनच धरतो. पण गावाकडची मंडळी मुंबईकर टाळकऱ्याला हमखास विचारतात, "अहो, तुमच्या मुंबईला कसली आलीत झाडं?" दिंडीच्या शंभराव्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं पाहिजे. कारण ते उत्तर आता करवतीखाली आलं आहे.

मुंबईची जुनी नावं नुसती मोठ्याने वाचावीत. चिंचपोकळीत चिंच आहे, उमरखाडीत उंबर आहे. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी आणि आंबेवाडी आहेत. ताडदेव म्हणजे ताडाखालचा देव, भेंडीबाजार म्हणजे भेंडीच्या झाडांजवळचा बाजार, असं जुने लोक सांगत. परळचं नाव पाडळीच्या झाडावरून पडलं, असंही एक मत आहे. ज्यांना आषाढीला पंढरपूर घडत नाही ते ज्या वडाळ्याच्या विठोबाला जातात, त्या वडाळ्याच्या नावातही वडच आहे म्हणतात. एवढंच काय, पैशाचा व्यवहारसुद्धा झाडाखाली सुरू झाला. १८५० च्या सुमारास फोर्टात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत. त्यांच्याच जमावातून १८७५ मध्ये संघटना झाली, तोच आजचा मुंबईचा शेअर बाजार.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी असं गिरणगाव पसरलं. कोकणातून आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडून माणसं आली. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे हे लोक. घरात बसायला जागा नव्हती, मग भजनाला कुठून असणार? ती जागा चाळीच्या चौकातल्या वडा-पिंपळाने दिली. बुंध्याभोवती दगडी पार बांधला, पारावर मारुती नाहीतर विठ्ठल-रखुमाईची तसबीर बसली, एकादशीला टाळ वाजू लागले. गावाकडचा पार जसाच्या तसा मुंबईत आला. आपल्या दिंडीच्या मुंबईकर शाखेची पहिली बैठकही अशाच एका पिंपळाच्या पारावर भरली, असं जुने विणेकरी सांगत. पंढरीला निघताना वीणा आधी त्या पारावर ठेवायची आणि मग गळ्यात घालायची, हा शिरस्ता तिथलाच. याच सुमारास, १९२० नंतरच्या काळात, वरळी, नायगाव, शिवडी आणि लोअर परळला बीडीडी चाळीही उभ्या राहत होत्या. म्हणजे गिरणगावातले कितीतरी पार आपल्या दिंडीच्याच वयाचे आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर धूर थांबला आणि जमिनीला भाव आला. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक मालकाला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ मार्च २००६ रोजी हा बदल कायम झाला. बागांसाठी जी जमीन लोकांना मिळायची ती आटली. जुन्या झाडांना सुखाने उभं राहता आलं असतं, अशी हक्काची जागाच त्यामुळे कमी झाली. मग जी झाडं उरली ती चाळींच्या चौकांत. आता त्या चाळींचाही पुनर्विकास सुरू आहे.

पुनर्विकास वाईट, असं कुणी म्हणू नये. गळक्या छपराखाली आयुष्य काढलेल्या माणसाला पक्कं घर मिळालंच पाहिजे. प्रश्न झाड मारण्याच्या रीतीचा आहे. झाड नकाशाच्या आड येतं, तळघरातल्या पार्किंगच्या आड येतं. परवानगी मागायची तर वेळ जातो. मग काही जण आडवाट धरतात. बुंध्याभोवती गळ्यापर्यंत काँक्रीट ओततात, म्हणजे मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. खोडाला भोक पाडून आत विषारी रसायन घालतात. पायासाठी खोदताना एका बाजूची मुळं तोडतात आणि पावसाळ्यात झाड कललं की "धोकादायक" म्हणून पाडतात. छाटणीच्या नावाखाली जोडून सुट्ट्या बघून बोडकं करतात. झाड आपोआप वाळलं, असं कागदावर लिहायला मोकळे.

कायदा मात्र आंधळा नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड घालणं नव्हे. जाळणं किंवा कोणत्याही रीतीने इजा करणं हेही त्यातच येतं. तोडण्याची परवानगी मागितली की वर्तमानपत्रात आणि खुद्द झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. शिवाय झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावण्याचं बंधन घातलं. शंभर वर्षांचा पिंपळ पाडायचा तर शंभर रोपं.

आपल्याला जवळचं एक उदाहरण वृंदावनाचं आहे. १८ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तिथल्या एका खासगी जागेत परवानगीवाचून ४५४ झाडं तोडली गेली. २५ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला. तेवढी हिरवाई पुन्हा यायला किमान शंभर वर्षं लागतील, हेही न्यायालयाने नोंदवलं. देवाच्या गावातही झाडं रात्रीच तोडली गेली, हे ध्यानात ठेवावं.

दुसरं उदाहरण आपल्या वाटेवरचं. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. मिरजेकडून पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या विसाव्याचा तो वड. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलून त्या वेळी वड वाचवला गेला. त्या वडाला माणसं होती, म्हणून हे झालं.

गिरणगावात नेमकं हेच उरत नाही. चाळ रिकामी झाली की माणसं विरार, डोंबिवली, पनवेलला पांगतात. झाडावर नोटीस लागते, पण वाचायला कोणी नसतं. सात दिवस गेले की हरकत संपली. इथे दिंडी कामाची आहे. घर बदललं तरी वारकरी दिंडी बदलत नाही. पांगलेली माणसं एकादशीला पुन्हा एकत्र येतात, असं दुसरं कोण उरलंय गिरणगावात?

ज्या पिंपळाचा उल्लेख वर आला, त्याची चाळ आता पुनर्विकासात जात आहे. पिंपळ अजून हिरवा आहे. त्याच्यावर गणनेचा क्रमांक आहे का ते बघून लिहून घ्यावा. बुंध्याचा घेर दोरीने मोजावा, तारखेसह फोटो काढावा. दर एकादशीला दोघांनी जाऊन बघून यावं. मुळांशी राडारोडा पडला, काँक्रीट आलं, खोडाला भोक दिसलं, तर त्याच दिवशी महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करून तिचा नंबर घ्यावा. लेखी अर्ज विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात द्यावा. परळ-लालबागला एफ दक्षिण, दादर पश्चिमेला जी उत्तर, गिरगावला डी विभाग. नव्या इमारतीच्या नकाशात पार दाखवला आहे का, हे सोसायटीच्या सभेत आत्ताच विचारावं. पाया खणल्यावर विचारून उपयोग नाही.

यंदा प्रस्थानाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी त्या पारावर यावं. वीणा तिथे ठेवायची आहे आणि मोजायला दोरीही आणायची आहे.

॥ पुंडलिक वरदे हरी विठ्ठल ॥