पोटात काही गेलं का?

आजोबा आयसीयूत होते, तेव्हा आजी रोज दिघाशीहून पेजेचा डबा घेऊन यायची. दिघाशी म्हणजे भिवंडी तालुक्यातलं आमचं गाव. डबा आयसीयूच्या दारातच अडायचा. सिस्टर म्हणायच्या, "आजी, नळीतून फीड चालू केलंय, डबा घरी न्या." मग आजीचा एकच प्रश्न: "यांचे पोटान काय गेला का?"

पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, तासाला वीस मिली. म्हणजे चार छोटे चमचे. आजीला वाटलं, हे लोक म्हाताऱ्याला उपाशी मारतायत. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. आजोबा घरी आल्यावर मी या चार चमच्यांमागचा इतिहास वाचायला बसलो आणि वाचता वाचता परळच्या केईएम हॉस्पिटलपर्यंत पोचलो.

सुरुवात नळीपासून करू. नाकातून पोटात जाणाऱ्या त्या नळीला आपल्याकडे सगळेच 'राईल्स ट्यूब' म्हणतात. जॉन राईल हे लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधले डॉक्टर. १९२१ साली त्यांनी ही बारीक नळी वापरात आणली, पण ती जेवण आत घालण्यासाठी नव्हती. रुग्णाला ओटची पेज प्यायला द्यायची आणि मग नळीतून थोड्या थोड्या वेळानं पोटातला रस बाहेर काढून तपासायचा, असं तिचं काम होतं. काढण्यासाठी आलेली नळी पुढे भरण्यासाठी वापरात स्थिरावली.

पण पोट आणि आतडीच काम करत नसतील तर? १९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतून अन्न देऊन वाढवून दाखवली. ग्लुकोज, प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं थेट रक्तात. नंतर तेच तंत्र आतडी निकामी असलेल्या तान्ह्या बाळांवर आणि मोठ्यांवर वापरलं गेलं. जी माणसं हमखास उपासमारीनं गेली असती, ती जगायला लागली.

यश मिळालं की उत्साह वाढतोच. आजारी शरीर स्वतःचेच स्नायू जाळून खातं, मग बाहेरून भरपूर घातलं की ते थांबेल, असा साधा हिशेब होता. काही वर्षं आयसीयूत गरजेपेक्षाही जास्त अन्न देण्याची पद्धत होती. माझ्या आजीचाही हिशेब तोच.

तो हिशेब चुकीचा निघाला. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी ४,६४० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नळीतून पुरेसं अन्न जात नव्हतं, अशा निम्म्या रुग्णांना पहिल्या ४८ तासांतच शिरेतून पूरक अन्न दिलं. उरलेल्यांना आठवा दिवस उजाडेपर्यंत दिलं नाही. ज्यांना थांबवलं, त्यांना जंतुसंसर्ग कमी झाले आणि ते आयसीयूतून लवकर बाहेर पडले. आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर बाहेरचं अन्न नीट वापरूच शकत नाही. त्यात माणूस आधीपासून उपाशी असेल आणि त्याला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून आता शक्य असेल तर एकदोन दिवसांतच नळीतून थोडं सुरू करतात आणि हळूहळू वाढवत नेतात. आमच्या चार चमच्यांचा अर्थ हा होता.

म्हणजे अन्नाला डोस आला. किती, कधी, कुठल्या वाटेनं, हे डॉक्टर लिहून देणार. मग दुसरा प्रश्न आपोआप येतो. औषध थांबवता येतं. अन्न थांबवता येतं का?

हा प्रश्न त्याच २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता, आणि तो आला होता केईएममधून. अरुणा शानबाग तिथे नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयनं त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. केईएमच्या सिस्टरांनी पिढ्यानपिढ्या त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणात असून त्यांना बेडसोर होऊ दिले नाहीत.

पिंकी विराणी यांनी याचिका केली, त्यातली मागणी नेमकी होती: अरुणाला अन्न देणं थांबवा. न्यायालयानं तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवलं. त्यात टाटा मेमोरियलच्या क्रिटिकल केअर विभागाचे प्रमुख डॉ. जे. व्ही. दिवाटिया होते. निकालपत्रात अरुणाच्या जेवणाची माहिती आहे, ती वाचताना मी थांबलो. १६ सप्टेंबर २०१० पर्यंत त्या तोंडानं जेवत होत्या. कुस्करलेलं अन्न तोंडात घातलं की घ्यायच्या. मासे किंवा चिकन सूप मिळालं की हसतात, असं सिस्टर सांगायच्या. मग ताप आला, बहुधा मलेरिया, आणि खाणं कमी झालं. तेव्हा राईल्स ट्यूब घालावी लागली. जवळपास ३७ वर्षं घासावर जगलेलं माणूस नळीवर आलं ते शेवटी.

इंग्लंडमध्ये १९९३ साली टोनी ब्लँड या तरुणाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं नळीतून दिलेलं अन्न हा वैद्यकीय उपचाराचाच भाग मानला होता. आपल्या न्यायालयानं त्या निकालाचा आधार घेतला, उपचार थांबवण्याची वाट काटेकोर अटींवर उघडली, पण अरुणासाठी ती मागणी फेटाळली. तिच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांना ती जगायला हवी आहे, असं म्हटलं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्या गेल्या.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि अडचण तीच आहे. आजोबांच्या नळीतलं फीड हा उपचार होता. तो डोस चुकला असता तर जीव गेला असता. पण सिस्टरांच्या हातचा घास हा डोस नव्हता. एकाच शब्दानं आपण दोन्ही गोष्टींना जेवण म्हणतो, आणि आयसीयूच्या दारात उभं राहून त्यातलं कुठलं चालू ठेवायचं हे ठरवायची वेळ येते तेव्हा घरातले भांडतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं आपली इच्छा आधीच लिहून ठेवायची मुभा दिली. २०२३ पासून ते सोपंही झालंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आमच्या घरात अजून कुणी लिहिलेलं नाही. आजीकडे हा विषय काढायचं धाडस मला झालेलं नाही.

अरुणाची गोष्ट मात्र मी तिला सांगितली. ती ओट्याजवळ बसून बोंबील साफ करत होती. कोर्ट, डॉक्टर, कायदा, सगळं तिनं गुमान ऐकून घेतलं. मग विचारलं, "मासा आवडायचा ना तिला? मग काटं कोन काढायचा?"

मी म्हटलं, सिस्टरच काढत असतील.